गोधडीचं वय कसं ओळखायचं?

बालमित्रांनो, अमेरिकेचा नकाशा उघडा आणि बरोबर मध्यभागी बोट ठेवा. बोट कॅन्सस राज्यावर येईल. आता ते जरासं वर सरकवा. आलं नेब्रास्का! जिकडे पाहावं तिकडे मक्याची शेतं, आणि समुद्र शेकडो मैल दूर. या राज्याची राजधानी लिंकन. इथल्या विधानभवनाच्या मनोऱ्यावर राजाचा किंवा सेनापतीचा नव्हे, तर बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा पुतळा आहे.

याच शहरात एक मोठं संग्रहालय आहे आणि त्यात आहेत फक्त गोधड्या! हसू नका हं. १९९७ साली अर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने आपल्या जवळजवळ ९५० गोधड्या इथल्या विद्यापीठाला देऊन टाकल्या. २००८ मध्ये त्यांच्यासाठी खास इमारत उभी राहिली. तिची दर्शनी काचेची भिंत अशी आहे, की जणू काचेचे तुकडे टाके घालून जोडलेत. २०१९ पासून तिचं नाव आहे ‘इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम’. क्विल्ट म्हणजे तिकडची गोधडी. वर तुकडे जोडून केलेला पदर, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्हींना धरून ठेवणारा धावदोरा.

आता तुम्ही विचाराल, गोधड्यांचं एवढं काय कौतुक? त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. जो कोणी घर बांधून पाच वर्षं राहील आणि जमीन कसेल, त्याला किरकोळ फी घेऊन १६० एकर जमीन मिळेल! लोकांची रीघ लागली. पण या माळरानावर झाडं कमी. मग लाकूड कुठलं? लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापल्या आणि त्यांचीच घरं बांधली. हिवाळा तर हाडं गोठवणारा. अशा घरात गोधडी ही शोभेची वस्तू नव्हती, ती गरज होती.

दिवसभराची कामं उरकली, की बायका कातरणातले तुकडे जोडून एकेक चौकोन शिवत. त्याला तिकडे ब्लॉक म्हणतात. ब्लॉक मांडीवर घेऊन शिवता येतो, प्रवासातही शिवता येतो. पण सगळे जोडून गोधडी करायची म्हणजे अस्तर हवं, कापूस हवा, मोठी चौकट हवी आणि चार शेजारणी मदतीला हव्यात. ते जमलं नाही, की ब्लॉक पेटीतच राहत. म्हणूनच आजही अमेरिकेतल्या घरांत माळा आवरताना खापरपणजीचे वीस-पंचवीस ब्लॉक हाती लागतात. गोधडी मात्र नाही!

समजा, अशी पेटी तुमच्या हाती आली. पहिला प्रश्न, हे ब्लॉक किती जुने? चला, गुप्तहेर होऊ या.

पहिला पुरावा रंगांचा. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा क्विनाईन हे औषध तयार करायला गेला आणि हाती लागला सुंदर जांभळा रंग! त्यानंतर कारखान्यात एकामागून एक नवे रंग तयार होऊ लागले. रंगांची फॅशन भराभर बदलू लागली, म्हणून जाणकार नुसते रंग पाहून दशक सांगतात. काळपट निळा, गडद लाल आणि काळा एकत्र दिसले, तर बहुधा १९०० च्या आसपासचं कापड. फिकट गुलाबी, पोपटी, पिवळा आणि त्यावर बारीक फुलं असतील, तर बहुधा १९३० च्या आसपासचं. आणि नक्षीतला नेमका तपकिरी भाग झिजून भोकं पडली असतील, बाकी कापड मात्र धड असेल, तर तो जुन्या रंगातल्या लोखंडाचा प्रताप. लोखंड हळूहळू सुताला खातं.

दुसरा पुरावा भोकांचा. १९३० च्या सुमाराला अमेरिकेत मंदी होती. पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पिशव्यांतून यायचं. बायका त्याच पिशव्यांचे फ्रॉक शिवतात हे पाहून कंपन्यांनी पिशव्यांवर फुलंच छापायला सुरुवात केली! तुकड्याच्या कडेला ओळीने मोठी भोकं दिसली, तर ती पिशवीची उसवलेली शिवण असू शकते.

तिसरा पुरावा कागदाचा. काही ब्लॉक वर्तमानपत्राच्या तुकड्यावर शिवलेले असतात. उलटून पाहा, एखादी जाहिरात, किंमत, कधी चक्क तारीखसुद्धा सापडेल. म्हणून कागद उपटून टाकू नका!

चौथा पुरावा शिलाईचा. शिवण मशीनची असेल, तर ब्लॉक १८५० च्या आधीचा नसणार हे जवळजवळ नक्की. कारण घरोघरी शिलाई मशीन आलं ते त्यानंतर. आणि तुकड्यांत पॉलिएस्टर असेल, तर १९५० नंतरचा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन एक सुटा धागा पाण्याच्या वाटीवर जाळून बघा. सुताची मऊ राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो.

या सगळ्या पुराव्यांचा एक नियम पक्का ध्यानात ठेवा, बरं का! ब्लॉकचं वय त्यातल्या सर्वांत धाकट्या तुकड्यावरून ठरतं. का? जुनं कापड पेटीत चाळीस वर्षं पडून राहू शकतं. पण जे कापड अजून विणलंच गेलं नाही, ते कोण शिवणार?

आता दुसरा प्रश्न. गोधडी पूर्ण करायची की नाही? हा प्रश्न अवघड आहे. ब्लॉकवर जुनी तारीख किंवा सही असेल, कापड फारच जीर्ण असेल, तर आहे तसंच जपून ठेवणं चांगलं. एकदा धुतलं, उसवलं, कापलं, की ते परत पहिल्यासारखं होत नाही. पण कापड धडधाकट असेल, तर पेटीत पडून कसर लागण्यापेक्षा गोधडी झालेली बरी.

आधी प्रत्येक ब्लॉकचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. सुटे ब्लॉक धुऊ नका. दशा निघतात आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. ओला पांढरा फडका टेकवून रंग जातो का ते बघा. मग मोजा. एक ब्लॉक बारा इंचांचा, तर दुसरा साडेअकरा भरेल. हातानं शिवलेलं असं असायचंच! म्हणून सगळे ब्लॉक सर्वांत लहान मापाला कापू नका, नक्षीची टोकं जातील. लहान ब्लॉकला चारी बाजूंनी मांजरपाटाची पट्टी जोडून त्याला मोठ्याच्या मापाचं करा. पट्टीचं नवं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर ते नंतर आटतं. विरलेल्या तुकड्यामागे पातळ सुती कापड टाचा. आणि पणजीचा एखादा टाका वाकडा असेल, तर तो वाकडाच राहू द्या. ती तिची सही आहे.

शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. लिंकनच्या संग्रहालयातल्या कितीतरी गोधड्यांच्या पाटीवर ‘करणारी अज्ञात’ असं लिहिलेलं असतं. इतके हजार टाके घातले, पण नाव कोणी लिहिलं नाही. म्हणून मागच्या बाजूला कापडाची छोटी पट्टी शिवा. ब्लॉक कोणी शिवले, साधारण कधी, पूर्ण कोणी केले, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, सगळं त्यावर लिहा.

हे सारं अमेरिकेतलं, आपलं काय, असं वाटतंय? अहो, इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्या ‘चीट’ या कापडाच्या नावाचा सख्खा भाऊ! अठराव्या शतकात भारतातून गेलेल्या चिटाची फुलं कापून तिकडच्या बायका गोधड्यांवर शिवत होत्या. आणि आपल्या घरी? जुन्या लुगड्यांची, धोतरांची गोधडी असेलच. आज आजीला विचारा, यातलं कुठलं लुगडं कोणाचं? कुठल्या साली घेतलं? ती सांगेल ते वहीत लिहून घ्या आणि गोधडीच्या कोपऱ्यात तिचं नाव शिवा. तिच्या हातून शिवून घेतलंत, तर अधिकच छान!