मुत्तुलक्ष्मी रेड्डी वाचताना

विधिमंडळातील भाषणे हा साहित्याच्या अभ्यासकाने वाचायचा ऐवज नव्हे, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. ती मोडली एका विद्यार्थिनीमुळे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या एका महाविद्यालयात आम्ही तेव्हा शिकवीत होतो. सुधारणावादी लेखनाची चिकित्सा हा विषय चालला होता. अमृत श्रीनिवासन यांच्या १९८५ सालच्या प्रसिद्ध निबंधाचा आधार घेऊन आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने मांडणी करीत होतो. मद्रासकडच्या देवदासी ह्या कलावंत होत्या, त्यांच्या नावावर जमिनी होत्या, घराण्यात त्यांचा शब्द चाले. इंग्रजी शिकलेल्या सुधारकांनी त्यांना 'पतिता' ठरविले, आणि मग त्यांचाच नाच धुऊनपुसून वरच्या जातींतल्या मुलींच्या हाती दिला गेला. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, माझ्या आजीला नाच येत नव्हता. नऊ वर्षांची असताना तिच्या गळ्यात मुत्तू बांधलं आणि यल्लम्माला सोडली, एवढंच."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखादी राहून गेलेली तळटीप सुचवावी तशी ती बोलली. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही ज्यांना सुधारकांच्या गर्दीत उभे करून निकालात काढत होतो, त्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांचे 'माय एक्सपीरियन्स ॲज अ लेजिस्लेटर' हे १९३० सालचे पुस्तक आम्ही तोवर वाचलेलेच नव्हते.

बाईंचा जन्म १८८६चा, पुदुकोट्टै संस्थानातला. वडील नारायणस्वामी तिथल्या महाराजांच्या कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासींच्या समाजातली. मुलांच्या कॉलेजात मुलगी नको म्हणून पालकांनी ओरड केली, ती महाराजांनी मानली नाही. १९०७ साली मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश, १९१२ साली पदवी, मग एग्मोरच्या बायकामुलांच्या सरकारी इस्पितळात हाउस सर्जन. १९१४ साली डॉ. सुंदर रेड्डींशी विवाह झाला, तो बरोबरीच्या नात्याने वागविण्याच्या अटीवर. चरित्रकारांना हे सारे फार प्रिय असते. आमचे कुतूहल पुढचे आहे.

मद्रास इलाख्यात बायकांना मताचा हक्क १९२१मध्ये मिळाला, उभे राहण्याचा १९२६मध्ये. त्या निवडणुकीत कमलादेवी चट्टोपाध्याय थोडक्यात हरल्या. मग विमेन्स इंडियन असोसिएशनच्या आग्रहावरून मुत्तुलक्ष्मींची नियुक्ती झाली, आणि १९२७ साली सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडले. ब्रिटिश हिंदुस्थानातील विधिमंडळातली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. त्रावणकोर संस्थानात मेरी पुन्नन लुकोस त्याआधीच विधिमंडळात आलेल्या होत्या, आणि त्याही डॉक्टरच. हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. परक्या पुरुषांच्या सभेत उठून बोलण्याचा परवाना त्या काळी बाईला जर कशाने मिळत असेल, तर तो स्टेथोस्कोपनेच. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी, बायकामुलांसाठी दवाखाने, मुलींचे विवाहाचे वय ह्या विषयांवर 'डॉक्टरीणबाई सांगते आहे' म्हणून पुरुष ऐकून घेत. त्याच परवान्यावर १९२७च्या नोव्हेंबरात त्यांनी देवदासींचा ठराव आणला.

इथे आमच्या मनातली जुनी शंका पुन्हा डोके वर काढते, आणि ती खोटी नाही. समाजाला शरीर म्हणायचे, प्रथेला रोग म्हणायचे आणि कायद्याला औषध, ही भाषा निरुपद्रवी नसते. १८६८च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने हिंदुस्थानातल्या बायकांच्या शरीरांवर पोलिसांना आणि डॉक्टरांना केवढा अधिकार दिला होता, हे विसरता येत नाही. तो कायदा १८८८मध्ये रद्द झाला तरी त्याची भाषा मागे उरली. गुप्तरोगांची भीती मुत्तुलक्ष्मींच्या युक्तिवादातही आहे. समोर उभ्या होत्या बंगळूर नागरत्नम्मा. मुद्दुपळनीचे 'राधिका सांत्वनम्' १९१०मध्ये मूळ बरहुकूम छापून जिने अश्लीलतेच्या आरोपाला तोंड दिले आणि सरकारी बंदी सोसली, ती विदुषी. देवदासींच्या वतीने ह्या कायद्याला विरोध करणाऱ्यांत ती पुढे होती. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला संपादिका! आमचा कल कुठे असणार हे सांगायला नको. आम्ही पुस्तकवाले.

आमचा निकाल डळमळला तो मात्र एका अगदी रूक्ष जागी. १९२९ साली मुत्तुलक्ष्मींनी जी दुरुस्ती मंजूर करून घेतली, ती नाचाबद्दल नव्हती की नीतीबद्दलही नव्हती. ती हिंदू धर्मादाय कायद्यातली, इनाम जमिनींबद्दलची होती. तो मजकूर आम्हांला उलगडेना, तेव्हा महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांपाशी आम्ही जाऊन बसलो. त्यांनी दोन वाक्यांत सांगितले : चाकरी आहे तोवर जमीन, चाकरी सुटली की जमीन गेली. म्हणजे घरात मुलगी देवाला सोडली नाही, तर पुढच्या पिढीच्या हातून शेत जाणार. बाईंनी ती गाठ सोडविली. चाकरीऐवजी सारा भरावा आणि जमीन तिच्याचकडे राहावी. ज्या मालमत्तेचा दाखला देऊन आम्ही वर्गात सुधारकांना दोषी धरीत होतो, ती राखण्याची तजवीज त्यांनी प्रथेवर बंदी घालण्याच्या आधी केली होती. पुढे त्या घराण्यांतल्या बायकांच्या हाती प्रत्यक्षात काय उरले, हा वेगळा आणि कडू इतिहास आहे. डेव्हेश सोनेजींचे २०१२चे पुस्तक वाचताना तो टोचत राहतो. पण निदान हेतूवरचा आमचा आरोप आम्हांला मागे घ्यावा लागला.

बंदीचा मसुदा १९३०मध्ये मांडला गेला. त्याच वर्षी गांधीजींना अटक झाली आणि मुत्तुलक्ष्मींनी सभागृहाचा राजीनामा दिला. कायदा झाला १९४७मध्ये. मधल्या सतरा वर्षांत पुष्कळ घडले. १९३२मध्ये नाचावरून त्यांचा आणि ई. कृष्ण अय्यर यांचा वृत्तपत्रांतून वाद झाला. सदिर 'भरतनाट्यम्' झाले. मूवलूर रामामिर्तम् ह्या एकेकाळच्या देवदासीने १९३६मध्ये तमिळ कादंबरी लिहून त्या प्रथेवरच प्रहार केला. तिचे नाव आम्ही वर्गात कधी घेतले नव्हते. देवदासीचा आवाज म्हणून आम्ही फक्त विरोध करणारीचाच आवाज निवडला होता. दारी आलेल्या मुलींना कुठलेच वसतिगृह घेईना, म्हणून मुत्तुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरात ठेवले. त्यातून 'अव्वै होम' उभे राहिले. नाव अर्थातच कवयित्री अव्वैयार हिचे. आणि धाकटी बहीण १९२३मध्ये कर्करोगाने गेली होती, ती मनातून न गेल्यामुळे १९५४मध्ये अड्यारचे कर्करोग इस्पितळ बारा खाटांनिशी सुरू झाले.

मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा १९३४चा, कर्नाटकाचा १९८२चा, महाराष्ट्राचा २००५चा. आमच्या विद्यार्थिनीच्या आजीला मुत्तू बांधले गेले तेव्हा मुंबईचा कायदा लागू होता. तमिळमध्ये 'मुत्तू' म्हणजे मोती. सीमाभागात मुलीच्या गळ्यात बांधतात त्या मण्यांनाही मुत्तूच म्हणतात.

त्या मुलीला आम्ही पुढे ते पुस्तक वाचायला दिले. महिन्याभराने तिने परत केले, तेव्हा भाषणांची पाने जशीच्या तशी होती; जमिनीच्या कलमाशी मात्र पेन्सिलीने एक रेघ मारलेली होती, आणि समासात प्रश्न : "ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचं काय?"