वाटणीचे पाणी

आमच्या कुंभकोणम्‌च्या उत्तरेस कावेरी वाहते आणि दक्षिणेस अरसलार. अरसलार ही कावेरीचीच एक शाखा. तिच्यातून निघालेल्या एका पाटाच्या कडेला माझ्या आजोबांनी घेतलेली नऊ 'मा' जमीन आहे. 'मा' हे आमच्याकडील जुने माप. एकरांच्या हिशोबाने ही जमीन सुमारे तीन एकर भरते. चौतीस वर्षे शाळामास्तरकी केलेल्या माझ्यासारख्याचे पोट त्या जमिनीवर अवलंबून नव्हते, हे आरंभीच सांगितलेले बरे. परंतु ती कसणाऱ्या कुटुंबाचे पोट मात्र पुरतेपणी तिच्यावरच होते, आणि त्या कुटुंबाच्या तीन पिढ्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

आमच्या घरी पंचांगाखेरीज आणखी एक तिथी पाळली जाई, ती म्हणजे १२ जून. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाल्यापासून त्या दिवशी त्याचे दरवाजे उघडावेत असा रिवाज पडला. तेथून सुटलेले पाणी तीन-चार दिवसांनी कल्लणै, म्हणजे करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन बंधाऱ्यापाशी येते, आणि तेथून फाटे फुटत फुटत आमच्या पाटापर्यंत. पहिले पाणी फेस, वाळका पाला आणि उन्हाळ्याची धूळ घेऊन सरपटत येई. आम्ही मुले कोरड्या पात्रातून त्याच्या पुढे धावत असू. अप्पा काठावर उभे राहून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावीत आणि मग कुळाला म्हणत, "आता बी काढ." कुरुवै भाताचा पेरा त्या शब्दावर सुरू होई.

बडोदे-इंदूरकडील वाचकांस वाटेल, कावेरीच्या भाताशी मराठी माणसाचा संबंध काय? व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतले, तेव्हापासून आमची घराणी या मुलखात आहेत. राज्य १८५५ साली गेले. घरे राहिली, आणि घरांत वाकडीतिकडी का होईना, मराठीही राहिली. आमच्या सोयरिकी मात्र तंजावरापुरत्या कधीच नव्हत्या. सेलम, म्हैसूर, बंगळूर येथील मराठी घरांत मुली द्याव्यात, तेथल्या आणाव्यात, अशी चाल. माझी धाकटी बहीण १९७८ साली अशीच बंगळुरास दिली. त्या वेळी कोणी सीमा ओलांडली असे कोणास वाटले नाही. रात्रीच्या गाडीने गेली, एवढेच.

याच कावेरीविषयी मद्रास आणि म्हैसूर यांच्यांत १९२४ साली करार झाला होता. पन्नास वर्षांनी, म्हणजे १९७४ साली, त्यातील काही कलमांचा फेरविचार व्हावा अशी तरतूद त्यात होती. ती मुदत जवळ आली तसा वाद पेटला. १९७० साली तमिळनाडूने केंद्र सरकारकडे लवाद मागितला. ती बातमी मी अप्पांना वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखविल्याचे मला स्पष्ट आठवते. मी वीस वर्षांचा होतो. अप्पा म्हणाले, "बरे झाले. दोन-तीन वर्षांत निकाल लागेल." १९५६ सालीच आंतरराज्य पाणीतंट्यांचा कायदा झाला होता, वाटाघाटींनी तंटा मिटत नसेल तर लवाद नेमावा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. अप्पांचा छापील कायद्यावर विश्वास होता.

वाटाघाटी वीस वर्षे चालल्या. मंत्री भेटले, छायाचित्रे छापून आली, पुढील बैठकीची तारीख ठरली. अखेर १९८३ साली तंजावर भागातील शेतकऱ्यांच्या एका संघाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सरकारने सरकारचे काम करावे, एवढ्याकरिता सामान्य शेतकऱ्यांस दिल्लीपर्यंत जावे लागले. न्यायालयाने १९९० च्या मे महिन्यात आज्ञा दिली आणि २ जून १९९० रोजी लवाद स्थापन झाला. अप्पा त्याच्या दोन वर्षे आधीच वारले होते.

लवादाने २५ जून १९९१ रोजी अंतरिम निवाडा दिला. कर्नाटकाने वर्षाला २०५ टीएमसी, म्हणजे २०५ अब्ज घनफूट, पाणी मेट्टूरला पोहोचेल असे सोडावे. आमच्या गल्लीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीही खाल्ला, हे लपवीत नाही. डिसेंबरात तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि बंगळुरात तमिळ वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. माझी बहीण तमिळ वस्तीलगत राहत होती. तिच्या दारावरच्या पाटीवर आमच्या तंजावरी रीतीप्रमाणे नावामागे आद्याक्षरे होती. जमावाला आद्याक्षरे दिसतात. घरात कोणती भाषा बोलतात ते ऐकू येत नाही. तिच्या कानडी शेजारणीने ती पाटी उतरवून आपल्या घरी नेली आणि तीन दिवस स्वतः हिच्या ओसरीवर बसून राहिली. चौथ्या दिवशी तार आली : सुखरूप. तोवर त्या पेढ्याची मला शिसारी आली होती.

पुढे सोळा वर्षांनी, ५ फेब्रुवारी २००७ रोजी, अंतिम निवाडा झाला. तो राजपत्रात येण्यास २०१३ चा फेब्रुवारी उजाडला. सहा वर्षे एक कागद छापण्यात गेली. इकडे २०१२ पासून २०१९ पर्यंतच्या आठ वर्षांत मेट्टूरचे दार १२ जून रोजी एकदाही उघडले नाही. कुरुवैची आशा सोडून लोक सांबा पिकावर विसंबू लागले. म्हणजे वर्षाची दोन पिके होती त्यांचे एक झाले.

२०१६ साल मला विशेष आठवते. त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या गावी महामहम झाला. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वात गंगा, यमुना, सरस्वती, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, शरयू आणि कावेरी अशा नऊ नद्या आमच्या तळ्यात एकत्र येतात अशी श्रद्धा आहे. लाखो माणसे स्नानाला आली. गर्दीत उभा असताना माझ्यातला मास्तर उगाच हिशोब करीत होता : कृष्णा, गोदावरी आणि नर्मदा या तिघींसाठी १९६९ साली लवाद नेमावे लागले, चौथा कावेरीसाठी. नवांपैकी चौघी कज्जात गुंतलेल्या. आणि येथे त्या भांडल्यावाचून एका तळ्यात मावल्या होत्या.

त्याच वर्षी पाऊस फसला. ५ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकास दहा दिवस रोज पंधरा हजार क्युसेक पाणी सोडण्यास सांगितले. मी या खेपेस पेढा खाल्ला नाही. बहिणीला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "अण्णा, येथेही धरणांत फारसे नाही रे." १२ तारखेला बंगळुरात तमिळनाडूच्या नंबराच्या गाड्या जाळल्या गेल्या आणि शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली. इकडे तमिळनाडूतही कानडी माणसांच्या दुकानांवर दगड पडले. दोन्हीकडचे दगड मारणारे एकाच नदीचे पाणी प्यालेले होते.

पुढे ईशान्य मोसमी पाऊसही आला नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्य दुष्काळग्रस्त जाहीर झाले. माझ्या कुळाचे सांबा पीक पोटरीतच वाळले. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन मी एका कचेरीत गेलो. जमिनीच्या पट्ट्यावर आजोबांचे नाव होते. शिधापत्रिकेवर मी आद्याक्षराने होतो. आधारपत्रावर वडिलांचे नाव माझे आडनाव होऊन बसले होते. आणि 'राव' हा शब्द तिन्ही कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. कारकून भला माणूस. त्याने मला बसावयास खुर्ची दिली आणि विचारले, "यांपैकी तुम्ही कोण, सर?" पट्टा आजोबांच्या नावावर राहू दिला, ही चूक माझी. पण ती दुरुस्त करण्यास मी चौदा खेपा घातल्या आणि तोवर अर्जाची मुदत संपली, ती चूक कोणाची, हे मला कोणी सांगितले नाही. कुळाचा मुलगा त्या उन्हाळ्यात तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेला. जाताना माझ्या पाया पडला. त्याच्या आज्याने त्याच पाटावर अप्पांच्या शब्दाची वाट पाहिली होती. मला त्या मुलाच्या तोंडाकडे बघवेना.

त्याच सुमारास तमिळनाडूचे काही शेतकरी दिल्लीत जंतरमंतरवर हातांत कवट्या घेऊन बसले होते. कित्येकांना तो तमाशा वाटला. मला तो अर्ज वाटला. आमच्या गावाला अर्जांची परंपरा आहे. सर टी. माधवराव, ज्यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केली, ते १८२८ साली येथेच, तंजावरी मराठी घराण्यात जन्मले. १८८७ साली मद्रासेस काँग्रेस भरली तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. नीट भाषेत, पुराव्यासह सांगितले तर राज्यकर्ते ऐकतात, असा त्या पिढीचा विश्वास होता. त्याच गावचा मी, नीट भाषेत चौदा वेळा सांगून परत आलो. आणि इतरांना कवटी घेऊन सांगावे लागले.

या सर्व काळात निवडणुका नियमाने झाल्या आणि मी प्रत्येक वेळी मत दिले. एक गोष्ट मात्र हळूहळू ध्यानात आली. पाऊस बरा झाला की या तंट्यात तंटा म्हणून काही उरत नाही. धरणे आपोआप सांडतात. भांडण असते ते केवळ वाईट वर्षाचे. मग वाईट वर्षी कोणी किती सोसावे, एवढेच ठरवावयाचे होते. लवादाने तेही सांगितले होते : पाणी कमी असेल तर प्रत्येकाचा वाटा त्याच प्रमाणात कमी व्हावा. परंतु हे वाक्य आपल्या मतदारांसमोर उभे राहून उच्चारण्याचे धैर्य मी कोणा पुढाऱ्यात पाहिले नाही. तिकडे "थेंबही देणार नाही", इकडे "थेंबन्‌थेंब आणू". आणि जे पक्ष देशभर पसरले आहेत त्यांची एक जीभ बंगळुरात, दुसरी तंजावरात, आणि दिल्लीत मौन. आमची आई दूध कमी पडले तर कोणाचा पेला रिकामा ठेवीत नसे. सगळ्यांच्या कॉफीत सारखेच कमी घाली, स्वतःच्याही. तिला कोणी कायदा शिकविला नव्हता.

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल लागला. अप्पांना बातमी वाचून दाखविल्याला अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. बिळीगुंडलू येथे तमिळनाडूला मिळावयाचे १९२ टीएमसी आता १७७.२५ झाले. म्हणजे १४.७५ कमी. त्यांतील दहा, आमच्याकडे जमिनीखाली पाणी आहे म्हणून, आणि ४.७५ बंगळूर शहराच्या पिण्याच्या व घरगुती गरजेसाठी. मी हे आकडे दोनदा वाचले. माझ्या शेताच्या वाट्यातून काढलेले पाणी सुमारे शंभर किलोमीटर दूर नेऊन आणि पाचशे मीटर उंच चढवून माझ्या बहिणीच्या नळाला जाणार होते. गल्लीत लोक चिडले होते. मला चिडता येईना. तहानेपुढे भाताने मागे सरावे हे मला पटते. आधीच्या अठ्ठेचाळीस वर्षांत कोणी मला सरळ विचारले असते, तर मी तेव्हाही हेच सांगितले असते. आणि तिला विचारले असते, तर तिने एक घागर इकडे पाठविली असती. आम्हांला कोणी विचारलेच नाही; परस्पर एकीला वादी आणि दुसऱ्याला प्रतिवादी करून ठेवले.

२०२४ च्या मार्चात तिचा दूरध्वनी आला. बंगळुरात पाण्याचा दुष्काळ पडला होता. तिच्या नव्या वसाहतीतील कूपनलिका आटल्या होत्या आणि कावेरीचा नळ तेथवर अजून आलाच नव्हता. "अण्णा," ती म्हणाली, "तुमच्या वाटणीचे पाणी वाटेतच कोठेतरी राहिले बघ." आम्ही दोघेही हसलो; मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

२०२५ साली १२ जूनला दार उघडले. आठवड्याच्या आत पाणी पाटात आले. फेस होता, पाला होता. पुढे धावणारी मुले मात्र दिसली नाहीत. कूळ आता साठीपुढे गेला आहे. तो माझ्याकडे पाहत उभा राहिला, तेव्हा उमगले की शब्द मी द्यावयाचा आहे. मी म्हणालो, "बी काढ." घरी येऊन बहिणीला दूरध्वनी केला. तिने प्रथम विचारले ते एवढेच : "पोहोचले का?"