धर्माचे धोतर
पालघर तालुक्यातील माकुणसार हे खाडीकाठचे, भरपूर पावसाचे गाव. तेथील वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांचा अवर्षणग्रस्त माणदेश परका वाटावा, हे स्वाभाविक. तरीही ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील धर्मा रामोशी त्याला परका राहत नाही. तो का, याचे उत्तर ‘ग्रामीण कथा’ या वर्गनामात सापडत नाही.

निवेदकाच्या घरून मिळालेले धोतर धर्माच्या अंगावर दिसत नाही. ते दिसते त्याच्या वयात आलेल्या लेकीच्या अंगावर. दारिद्र्य हे आशयसूत्र, बाप हे पात्र आणि मितभाषी निवेदन ही शैली, अशी वाटणी परीक्षेपुरती ठीक. येथे मात्र तिन्ही त्या एका वस्त्रात गुंतलेली आहेत. (हे व्यक्तिचित्र की कथा, हा वाद तूर्त गौण.) एखादे करुण विशेषण अधिक पडते, तर लेकीची अब्रू झाकण्याची बापाची धडपड केवळ दयेचा विषय झाली असती. माडगूळकर ते टाळतात. धोतराचे काय झाले, हे निवेदकाला उशिरा कळते. आणि माकुणसारच्या वाचकालाही त्याच्याबरोबरच, तितक्याच उशिरा.