बिनपंखांची

तिला पंख नाहीत. पाय नावापुरते, अंग अळीसारखं लांबट. मला अजून राग येतो तो याचाच.

लेकीकडे नॉर्मंडीत गेले होते. जावई कीटकांवर काम करतात. पौर्णिमेच्या उधाणात, संध्याकाळच्या ओहोटीला ते आम्हाला पोर-आं-बेसांच्या खडकांवर घेऊन गेले. एरवी पाण्याखाली असणारं शेवाळ उघडं पडलं होतं आणि त्यावर क्लुनिओ नावाच्या माश्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. पंख फडफडवत सैरावैरा धावत होते ते सगळे नर. मादी बघायला खडकाला नाक लावावं लागलं.

तिच्या अंगावरची कोशाची साल नर ओढून काढतो. मग समागम, आणि मग तिला तसंच वाहून अंडी घालायच्या जागी नेणं. कुठे जायचं ते तोच ठरवणार. "आई, तिची सगळी ताकद अंड्यांत जाते," जावई म्हणाले, जणू एवढ्यात सगळं आलं. हेच वाक्य बायकांबद्दल किती घरांत, किती गोड आवाजात ऐकलंय! मी काही बोलले नाही. जावई पडले.

वेळ मात्र तिची तिला कळते. आमच्या रत्नागिरीकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: पौर्णिमेची पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. क्लुनिओची अळी चांदण्यावरून दिवस धरते. डीट्रिख नॉयमान या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत खोटं चांदणं पाडून ते दाखवलं. प्रत्येक किनाऱ्याची ओहोटी वेगळ्या वेळी, म्हणून तिथल्या माश्यांची वेळही वेगळी, आणि ती रक्तातच. दोन किनाऱ्यांच्या माश्यांचा संकर केला तर पिल्लं मधल्याच वेळी बाहेर येतात! आणि आमच्याकडे शिकलेली माणसं भरतीची वेळ न बघता खडकांवर फोटो काढत बसतात. पाऊणपट शाळेत का शिकवत नाहीत? पाचवीतल्या मुलाला जमेल.

नराचं आयुष्य तरी केवढं? प्रौढ झाल्यावर काही खाणं नाही, दोन-तीन तासांत खेळ खलास, आणि त्यातलाही वेळ तिला वाहण्यात. ही सत्ता की हमाली? क्षणभर मलाच त्याची दया आली. तेवढ्यात जावई म्हणाले, "बिचारा नर!" आणि माझा राग पहिल्यापेक्षा वाढला.