पासोडीची सोळा पावले

वीस वर्षे मी कॉलेजात मुकुंदराज शिकवीत आलो आहे. शके १११०, म्हणजे इ. स. ११८८; ग्रंथ विवेकसिंधू; मराठीचे आद्यकवी. एवढे झाले की पुढचा धडा! एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपण अंबाजोगाई पाहिली आहे?" मुलगा बीड जिल्ह्यातलाच. मी घड्याळाकडे पाहिले.

अखेर दिवाळीच्या सुट्टीत निघालो. सौ. बरोबर होतीच. योगेश्वरीचे दर्शन घेतले आणि जयंती नदीच्या दरीत उतरलो. मुकुंदराजांची समाधी तिथेच. त्यांची अंबानगरी हीच, की वैनगंगेकाठचे आंभोरा, हा पंडितांचा वाद मी सौ.ला साग्रसंगीत ऐकवला. ती म्हणाली, "वाद तोंडपाठ; वाट मात्र विचारीत आलात!"

परतताना दासोपंतांच्या (१५५१–१६१५) पासोडीचा विषय निघाला. पंचमहाभूतांचा विचार, ओव्या नि आकृत्यांसह, चक्क जाड्याभरड्या कापडावर उतरवलेला! लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी चार. हे आकडे मी परीक्षेत कितीदा विचारले असतील. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला अंगणात उभे केले. "चाला, मास्तर, मोजा." सोळा पावले झाली! मनात आले, हा तर फळाच की! समोरच्याला समजावे म्हणून केवढा हा खटाटोप. आणि मी वीस वर्षे टिपणे सांगत बसलो.

सुट्टीनंतर पहिल्याच तासाला सबंध वर्ग व्हरांड्यात नेला. "मोजा," म्हणालो. मागच्या बाकावरचा तो मुलगा सर्वांत पुढे होता.