पाखरावर जकात

मुक्ताईनगरातल्या एका दवाखान्यात, नंबर लागेपर्यंत बसायचं बाकडं आहे, त्याच्या समोरच्या भिंतीवर एक तैलचित्र टांगलंय. निळसर राखाडी जमीन, तिच्यावर डावीकडून उजवीकडे चढत गेलेले काळे, पिवळट, मधूनच गेरूचे फटकारे. ब्रश कमी, सुरी जास्त. जवळ गेलं की रंगाचे उंचवटे दिसतात, त्यांच्या फटींत धूळ बसलेली. एका काळ्या फटकाऱ्यात ब्रशचा केस अडकून तसाच वाळलाय. तो केस मला अख्ख्या चित्राहून आवडला.

“उडते पक्षी आहेत ते,” कंपाउंडरने माहिती पुरवली.

शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने चष्मा वर सरकवला. “कशाचे पक्षी? हे त केयीचे पानं, वादयात फाटेल.”

मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला दुसरं काय दिसणार? मला तर त्याचंच पटलं. चित्राखाली नाव लिहिलं की बघणाऱ्याचं निम्मं बघणं तिथेच संपतं. वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना नावं ठेवत नसत, ही मोठीच सोय.

पण हे पक्षी की आणखी काही, हा वाद एकदा खरोखरच कोर्टात गेला होता. पॅरिसमध्ये राहणारा रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी. त्याचा ‘अवकाशातला पक्षी’ १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. ना चोच, ना पिसं, ना पाय. लखलखीत घासलेल्या कांस्याचा एक उंच, निमुळता आकार. कलाकृतीला जकात माफ होती. जकात अधिकाऱ्यांनी पेटी उघडली, आत पक्षी काही सापडेना. मग त्यांनी तो स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात घातला आणि चाळीस टक्के जकात लावली. खटला चालला. शिल्पाचा मालक, छायाचित्रकार स्टायकेन, साक्षीला उभा राहिला. त्याला विचारलं गेलं, जंगलात हे दिसलं असतं तर पक्षी समजून गोळी झाडली असतीत का? तो नाही म्हणाला. तरी १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. कायद्याने मान्य केलं की, पक्ष्यासारखा न दिसणारा पक्षी असू शकतो.

आता आमच्या गावातून निघणारा एक रस्ता इच्छापूर, बऱ्हाणपूर, खंडवा करत इंदूरला जातो. सरकारी कागदांत तो अजूनही इंदूर-एदलाबाद रस्ता. गाव मुक्ताईनगर झालं तरी जुनं नाव रस्त्याला चिकटून राहिलंय. या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी माणिकबाग नावाचा राजवाडा बांधला, तोही एका तरुण जर्मन वास्तुकाराकडून, अगदी नव्या धर्तीचा. त्यांनी ब्रांकुशीकडून एक सोडून तीन पक्षी विकत घेतले: एक कांस्याचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. पण १९३७ मध्ये महाराणी संयोगितादेवी गेल्या. त्या कागलच्या घाटग्यांच्या लेक. त्यानंतर काही महिन्यांनी ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला, पण मंदिर काही उभं राहिलं नाही. संगमरवरी जोडी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मंदिर झालं असतं तर खंडव्याला गाडी बदलून आम्हीही बघून आलो असतो. बरोबर शिदोरी, परतताना सराफ्यातली जिलबी. आणि दर्शन झाल्यावर कुणीतरी नक्की विचारलं असतं, पक्षी कुठाय?

माणिकबागेत पुढे कोणतं कार्यालय आलं? अबकारी आणि सीमाशुल्काचं. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर जुळवून आणलंय म्हणून मी पान उलटलं असतं.

त्या गोळीच्या प्रश्नाचं मात्र मला राहून राहून आश्चर्य वाटतं. हतनूर धरणाचं पाणी तापी-पूर्णेत मागे पसरतं, त्या बाजूच्या शिवारात हिवाळ्यात भोरड्या उतरतात. भोरडी सुटी पाहिली तर देखणी: गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पण संध्याकाळी बाभळींवर बसण्याआधी त्या एकदम उठतात, तेव्हा गुलाबीही नसतं आणि पंखही. आभाळाचा एक तुकडा काळवंडतो, वळतो, विरळ होतो, पुन्हा दाटतो. त्यात बोट ठेवून ‘ही भोरडी’ असं कुणी दाखवून द्यावं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची गोल रांग आहे. प्रत्येक हंस वेगळा, मान वेगळी. मला ते हंस प्रिय आहेत, पण ते उडत नाहीत, मिरवतात.

आणि ज्यांच्या नावाने हे गाव, त्या मुक्ताबाईंनी तर आभाळात मुंगी उडवली. सातशे वर्षं वारकरी ते गातात, मुंगीला पंख कुठले म्हणून एकानेही हरकत घेतली नाही. अमूर्त चित्र कळत नाही म्हणणाऱ्यांनी याचं काय ते उत्तर द्यावं.

ज्वारीच्या दिवसांत माळ्यावरचं पोरगं त्या काळ्या तुकड्याकडे बघून गोफण फिरवायचं. यातला पक्षी कोणता, ही शंका त्याला यायची नाही. भोरड्या टोळही खातात, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. दाणे मोजून घरी न्यायचे होते. आता इकडे ज्वारी कमी झाली, केळी वाढली. केळीला गोफण लागत नाही.