साडेचौदा तास

गाझियाबादेतील आमच्या गच्चीवरून हिंडनच्या हवाई तळावरची विमाने दिसतात. नदीचे नाव हिंडन, तळाचे हिंडन आणि नदीकाठच्या स्मशानघाटाचेही तेच. नावांची ही सरमिसळ मला पूर्वी गमतीची वाटे.

वडील 1989 साली पुण्यात गेले. तार दुपारी हाती आली. झेलम एक्स्प्रेसला पुणे गाठायला एका दिवसाहून अधिक वेळ लागे. मी पोचलो तेव्हा धाकट्या भावाने अग्नी दिलेला होता. आई एवढेच म्हणाली, "दमला असशील, आधी अंघोळ कर." विमानाने पुणे तेव्हाही दोन तासांवरच होते, पण ते दोन तास माझ्या पगारात बसणारे नव्हते.

पुढे मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक झाली. एअर इंडियाने दिल्लीहून तेथे थेट विमान सुरू केले ते 2015च्या डिसेंबरात, आणि 2016च्या ऑक्टोबरात त्याची वाटच बदलली. आधी ते अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटर जाई. नंतर प्रशांत महासागरावरून 15,300 किलोमीटर जाऊ लागले आणि तरीही दोनेक तास लवकर, साडेचौदा तासांत, पोचू लागले. त्या उंचीवरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तोंडावर येणारा वारा पाठीशी आला, एवढाच काय तो फरक. अंतर वाढवून वेळ वाचवण्याचा हा व्यवहार मला फार आवडला होता. 2017च्या हिवाळ्यात नातीच्या बारशाला आम्ही दोघे त्याच वाटेने गेलो. पहाटे निघालो आणि उतरलो तर तारीख तीच, वेळही पहाटेचीच! "म्हणजे पोरगी शेजारच्या गल्लीतच राहते की," पत्नी म्हणाली.

2021च्या एप्रिलमध्ये ती आजारी पडली. मुलगी फोनवर रोज विचारी, "बाबा, येऊ ना?" नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे वर्षभर बंद होती, जी मोजकी विमाने चालू होती त्यांत जागा मिळेना, आणि आली तर लेकरापाशी परत कधी जाता येईल याची शाश्वती कोणी देईना. 24 एप्रिलच्या पहाटे हिंडनवरून हवाई दलाचे सी-17 विमान प्राणवायूच्या रिकाम्या टाक्या आणायला सिंगापूरला गेले आणि त्याच दिवशी त्या घेऊन पानागढला उतरले. आमच्याकडे चौकातल्या दुकानातून सिलिंडर यायला दोन दिवस लागले. तोवर त्याची गरज उरली नव्हती.

घाटावर रांग होती. आमचा क्रमांक संध्याकाळी लागला; तिकडे तेव्हा पहाट होत होती. माझा हात थरथरत होता, म्हणून रांगेतल्याच एका अनोळखी तरुणाने फोन धरला. अग्नी देऊन मागे वळलो, तर पडद्यावर मुलगी काहीतरी सांगत होती. लाकडांच्या आवाजात नीट ऐकू येईना. त्या तरुणाने फोन माझ्या कानाशी आणला.

"बाबा, मास्क वर घ्या," ती म्हणत होती.